पहिला फराळ आपल्या हाताने: दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत काय, कधी, कसं

यंदा दिवाळीचा फराळ घरीच करायचं ठरवलंय, पण आई किंवा सासूबाई शेजारी नाहीत, स्वयंपाकघर लहान, शेगड्या दोनच आणि ऑफिसची सुट्टी थेट लक्ष्मीपूजनाला. अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः अशाच स्वयंपाकघरात फराळ करत आले आहे.

कृती हव्या तितक्या मिळतात. आईला फोन केला तर तीही सांगते, "मोहन अंदाजाने घाल, मंद आचेवर भाज, निवलं की वळ." नवख्या माणसाचं घोडं नेमकं तिथेच अडतं. अंदाज म्हणजे किती? मंद म्हणजे केवढी आच? निवलं म्हणजे किती निवलं? चकली मऊ पडो, लाडू बसो की चिवडा सादळो, मुळाशी बहुतेक वेळा मोहन (पिठात घालायचं तेल-तूप), आच आणि निवणं यांपैकीच काहीतरी चुकलेलं असतं. म्हणून प्रत्येक पदार्थात मी या तीन गोष्टींपाशी थांबणार आहे. बाकीचं पटापट सांगते.

१. आधी यादी आवरा

पहिल्या वर्षी पाच पदार्थ पुरे: बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि चकली. यात दोन बिनतळणाचे आणि तीन तळणाचे आहेत. दोन गोड, दोन तिखट आणि शंकरपाळे मधल्या वेळेला, असं ताटही भरलेलं दिसतं.

अनारसे यंदा राहू द्या. त्यासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून कुटायचे, गुळात मळून पीठ काही दिवस मुरवायचं. एवढं करूनही तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे जाळी पडता पडता सगळा विखुरला, तर नवख्या हाताला तो सावरता येत नाही. करायचेच असतील तर घरगुती तयार पीठ मिळतं, ते आणून चार-पाच करून बघा. चिरोटेही पुढच्या वर्षी.

पाचही जमणार नसतील तर तीन करा, आणि ते मनापासून करा. फराळ म्हणजे तळणच असं कुठे आहे? गोव्यात नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळून, कारीट फोडून, घरोघरी फोव खातात: दुधातले, ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे. सगळे पोह्यांचेच प्रकार आणि सगळे त्याच सकाळी होणारे. तान्हं बाळ असलेल्या किंवा आजारपण चालू असलेल्या घरात मी नेहमी हाच मार्ग सुचवते.

२. सामान आणि भांडी

चार माणसांचं घर आणि दहा-बारा ठिकाणी ताट द्यायचं, असं धरून हे सामान:

लाडूचं जाडसर बेसन अर्धा किलो
पातळ पोहे अर्धा किलो
मैदा १ किलो, बारीक रवा पाव किलो
साजूक तूप पाऊण किलो, तळायला तेल २ लिटर
पिठीसाखर १ किलो, साधी साखर पाव किलो
सुकं खोबरं पाव किलो
शेंगदाणे आणि पंढरपुरी डाळं प्रत्येकी पाव किलो
काजू, बेदाणे, खसखस, वेलदोडे, तीळ, ओवा, धणे, जिरे, हिंग
भाजणीसाठी, म्हणजे चकलीच्या भाजून दळलेल्या पिठासाठी, तांदूळ आणि डाळी (प्रमाण पुढे दिलंय)
दूध, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता आयत्या वेळी

भांड्यांत जाड बुडाची एक मोठी कढई, झारा, दोन उलथनी, परात, कातण (कापायचं दातेरी चाक) आणि सोऱ्या (चकली पाडायचा साचा). सोऱ्या घेताना आतली चकलीची ताटली नीट बघा. चांदणीचे कोपरे धारदार हवेत, नाहीतर चकलीला काटे येत नाहीत. दांडा फिरवून दाबायचा सोऱ्या मनगटाला सोपा जातो. दोन हातांनी दाबायचा जुना पितळी सोऱ्या मजबूत, पण एकटीने करताना खांदे भरून येतात.

मापाला एकच वाटी ठरवा आणि फराळ संपेपर्यंत तीच वापरा. घरातल्या वाट्या सगळ्या सारख्या नसतात. मैदा एका वाटीने आणि तूप दुसरीने मोजलं की शंकरपाळे तेलात विरघळतात आणि दोष कृतीला लागतो.

एक सापळा सामानातच असतो. सुकं खोबरं आणि शेंगदाणे खवट निघाले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दुकानात वास घेऊन घ्या. खोबऱ्याची वाटी फोडल्यावर आतून पिवळट दिसली तर परत करा.

परदेशात राहत असाल तर जाडसर बेसन मिळेलच असं नाही. अशा वेळी साध्या बेसनात पाव हिस्सा बारीक रवा मिसळून भाजा, लाडू रवाळ होतो. गिरणी नसेल तर भारतीय किराणा दुकानातली तयार चकली भाजणी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तळताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, धुराचा अलार्म वाजायला फार वेळ लागत नाही.

३. वेळापत्रक

दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत साधारण १९ दिवस मिळतात. ते असे वाटून घ्या.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, म्हणजे कोजागिरीच्या आसपास, भाजणी भाजून दळून आणा. पुढे गिरणीत रांगा लागतात. त्याच आठवड्यात डबे घासून कडक उन्हात वाळवा. डब्याच्या झाकणाच्या खाचेत राहिलेला पाण्याचा एक थेंबही चकली सादळवायला पुरतो.

वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारी लाडू आणि चिवडा. लाडू दोन-तीन आठवडे छान टिकतात, उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त मुरतात.

त्यानंतर एका संध्याकाळी शंकरपाळे, दुसऱ्या संध्याकाळी करंज्या आणि सगळ्यात शेवटी चकली. हा क्रम तेलासाठी आहे. शंकरपाळ्यांचं तेल स्वच्छ राहतं, ते गाळून करंजीला चालतं. करंजी एखादी फुटली तर सारणाचा गाळ तेलात जळतो, तेव्हा तेल गाळायचं आणि मगच चकली. उलटं केलंत तर तिखट-हळदीच्या तेलात करंजी तळावी लागते आणि तिचा रंगही जातो, वासही बिघडतो. आमच्याकडे फराळाची सुरुवात गोडानेच करायची रीत आहे, ती या क्रमातही आपोआप पाळली जाते.

एका दिवशी दोन तळणं काढू नका. तीन तास कढईसमोर उभं राहिल्यावर हात घाई करायला लागतो आणि घाई झाली की आपण आच वाढवतो.

४. भाजणी

चकली चुकते ती बहुतेक वेळा तळताना नाही, पंधरा दिवस आधी भाजणी भाजताना चुकते. म्हणून या पायरीला वेळ द्या.

प्रमाण: ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, १ वाटी पातळ पोहे, पाव वाटी धणे, २ चमचे जिरे. घराघरांत यात फरक असतो, कुणी मूग वगळतं, कुणी साबुदाणा घालतं. ४:२:१ हा सांगाडा मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच दिसेल. एवढ्या प्रमाणात किलोभर भाजणी होते. चकलीला निम्मी पुरेल, पण याहून कमी दळण गिरणीवाले सहसा घेत नाहीत. उरलेल्या भाजणीची कडबोळी करता येतात.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुऊन, निथळून, सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळवा. मूठभर हातात घेतल्यावर दाणा दाण्याला चिकटता कामा नये. मग प्रत्येक गोष्ट वेगवेगळी भाजायची. सगळं एकत्र भाजायचा मोह होतो, पण पोहे जळतात तोवर हरभरा डाळ कच्चीच असते.

तांदूळ मंद आचेवर भाजताना आधी पारदर्शक दाणा पांढरा होतो, किंचित फुगतो आणि हलका लागतो. एक दाणा दाताखाली घ्या, कटकन फुटला की झालं. तांबूस होऊ देऊ नका. डाळींना गुलाबी छटा आणि खमंग वास आला की लगेच परातीत काढा, कारण कढईच्या उष्णतेने त्या पुढेही भाजत राहतात. धणे-जिरे आणि पोहे नुसते गरम होऊन कुरकुरीत झाले की पुरे.

भाजणी जास्त भाजली गेली तर पीठ चिकटून येत नाही आणि चकली पाडताना तुटते. कमी भाजली तर चकली कडक होते आणि कच्चट लागते. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर थोडी कमी भाजलेली बरी, तिला मोहनाने सांभाळून घेता येतं.

गिरणीत न्यायच्या आधी सगळं पूर्ण निवू द्या. गिरणीवाल्या दादांना स्पष्ट सांगा की चकलीची भाजणी आहे, गव्हावर टाकू नका. तांदळावर किंवा दुसऱ्या कुणाच्या भाजणीवर टाकली तर चालते. पीठ घरी येतं तेव्हा गरम असतं. परातीत पसरून गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आत वाफ धरते.

५. बेसनाचे लाडू

अर्धा किलो जाडसर बेसन, २५० ते २७५ ग्रॅम साजूक तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर, वेलदोड्याची पूड, बेदाणे. ३०च्या आसपास लाडू होतात.

सगळं तूप एकदम घालू नका. तीन चतुर्थांश तूप घालून बेसन मंद आचेवर ठेवा. सुरुवातीला गोळा घट्ट, जड, उलथन्याला ओढणारा असतो आणि इथेच नवखे लोक घाबरून आणखी तूप ओततात. थांबा. बेसन भाजत गेलं की आधी शोषलेलं तूप तेच सोडायला लागतं. पंधरा-वीस मिनिटांनी मिश्रण सैल होतं, कडेने चकाकी दिसते, उलथनं हलकं फिरायला लागतं. आता लागलंच तर उरलेलं तूप घाला. एकूण अर्धा तास तरी लागतो आणि तेवढा वेळ हात थांबवायचा नाही. तळाला एक थर जरी करपला तरी त्याचा कडवटपणा सगळ्या लाडवांना लागतो.

झालं कसं ओळखायचं? रंग बदामी, वास खमंग, अगदी शेजारच्या घरात जाईल असा. मात्र नुसत्या वासावर जाऊ नका, वास आधीच सुटतो. चिमूटभर गार करून जिभेवर ठेवा. टाळूला चिकटलं तर बेसन कच्चं आहे, आणखी भाजा. लाडू टाळूला चिकटतो ही तक्रार याच एका कारणाने येते आणि साखर घातल्यानंतर त्यावर इलाज नाही.

गॅस बंद करायच्या आधी दोन मोठे चमचे दुधाचा हबका मारा. मिश्रण फसफसतं, फुलतं आणि रवाळ होतं. दूध पूर्ण आटेपर्यंत दोन-तीन मिनिटं परता, ओलावा राहिला तर लाडू टिकत नाहीत.

आता निवू द्यायचं. हाताला कोमट लागेल इतकं, बोट आत घालून सुखाने ठेवता येईल इतकं. यालाच तासभर लागू शकतो. गरम मिश्रणात पिठीसाखर घातली की ती वितळते, सगळं पातळ होतं आणि वळलेले लाडू ताटलीत बसतात. तसं झालंच तर फेकू नका. मिश्रण परातीत पसरून आणखी काही तास राहू द्या किंवा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, तूप थिजलं की वळता येतात. मुंबई-कोकणात ऑक्टोबरच्या उकाड्यात हे नेहमी होतं, तिथे तूप २५० ग्रॅमच्या वर जाऊच देऊ नका. साखर घातल्यावर दहा मिनिटं तळहाताने मळा आणि मगच वळा.

६. चिवडा

हा सगळ्यात सोपा समजला जातो आणि म्हणून दुर्लक्षित राहतो. यात आच आणि ओलावा सांभाळला की जिंकलात.

पोहे चाळून दोन तास कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल तर दोन-तीन भागांत कोरडेच मंद आचेवर भाजा. मोठ्या आचेवर पातळ पोहे आकसतात आणि वळकटी होतात. चुरगाळल्यावर कुरकुर आवाज आला पाहिजे.

कढीपत्ता आणि मिरच्या धुऊन पुसून निदान तासभर पसरून ठेवा. चिवडा दोन दिवसांत मऊ पडायचं सर्वांत मोठं कारण मिरचीच्या तुकड्यातलं पाणी असतं. फोडणीत मिरची पांढरट आणि कडक होईपर्यंत तळायची, कढीपत्ता बोटात चुरेल इतका.

पाऊण वाटी तेलात आधी शेंगदाणे, मग डाळं, मग खोबऱ्याचे काप असं एकेक तळून बाजूला काढा. खोबऱ्याचे काप क्षणात तांबूस होतात, तिथून नजर हलवू नका. त्याच तेलात मोहरी, हिंग, मिरच्या, कढीपत्ता, तीळ, थोडी बडीशेप. गॅस बंद करून मग हळद. हळद जळली की चिवडा पिवळा न होता तपकिरी दिसतो. आता तळलेलं सगळं आणि पोहे घालून दोन उलथन्यांनी खालून वर अलगद हलवा, वरून मीठ आणि दोन-तीन मोठे चमचे पिठीसाखर. पुन्हा पाच मिनिटं अगदी मंद आचेवर. लगेच झाकण ठेवू नका, परातीत पसरून गार करा.

७. शंकरपाळे

१ वाटी दूध, १ वाटी साखर, पाऊण वाटी तूप, चिमूटभर मीठ. गरम करून साखर विरघळली की उतरवा, कोमट होऊ द्या आणि मावेल तेवढा मैदा घालून मळा. चार ते पाच वाट्या मावतो. अर्धा तास झाकून ठेवा, अर्ध्या सेंटिमीटरची जाड पोळी लाटा, कातणाने चौकोनी कापा.

पुष्कळ जणी दूध, साखर, तूप सारखंच घेतात आणि त्यांचे शंकरपाळे खुसखुशीत होतात. पहिल्या वेळी तुम्ही पाऊण वाटीच घ्या, कारण तूप जास्त झालं तर शंकरपाळा तेलात सुटतो. आधी दोनच सोडून बघा. सुटले तर पिठात दोन चमचे मैदा मळून घ्या. तेल मध्यम आणि मग मंद. साखरेमुळे रंग पटकन येतो आणि आतून कच्चं राहतं. हलका सोनेरी रंग दिसला की काढा, बाहेर आल्यावरही ते थोडे गडद होतात.

८. करंज्या

करंजीला दोन हात कमीच पडतात, तेव्हा त्या संध्याकाळी कुणाला तरी मदतीला बोलवा. एकाने लाटायचं, एकाने भरायचं.

सारण: काळी पाठ खरवडून किसलेलं सुकं खोबरं २ वाट्या, पाव वाटी बारीक रवा, २ मोठे चमचे खसखस. तिन्ही वेगवेगळं भाजून, पूर्ण निवल्यावर दीड वाटी पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड. इथेही तोच नियम: गरम सारणात साखर घातली की पाणी सुटतं.

पारी (वरचं आवरण): १ वाटी बारीक रवा, १ वाटी मैदा, चिमूटभर मीठ, ३ मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. मोहन पिठात चोळल्यावर मूठ वळून बघा. मुठीचा आकार राहिला आणि बोट लावताच मोडला तर मोहन बरोबर. नुसती भुकटी राहिली तर कमी, चिखलासारखं दाबलं गेलं तर जास्त. ही परीक्षा मैद्याच्या कुठल्याही खुसखुशीत पदार्थाला लागू पडते. दुधाने घट्ट मळून ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवा, मग परत चांगलं मळा.

पुरीएवढी पातळ पारी, कडेला दुधाचं बोट, मध्ये एक मोठा चमचा सारण, दुमडून कडा दाबा आणि कातण फिरवा. जास्त भरायचा मोह आवरा. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवा, कडा सुकल्या तर तेलात उघडतात. मंद-मध्यम आचेवर झाऱ्याने वरून तेल उडवत तळा म्हणजे पापुद्रा फुगतो. एखादी फुटली तर ती लगेच बाहेर काढा आणि गाळ झाऱ्याने उपसा, नाहीतर पुढच्या प्रत्येक करंजीवर काळे ठिपके येतील.

९. चकली

आता शेवटचा आणि सगळ्यांना धास्ती घालणारा पदार्थ.

२ वाट्या भाजणीला साधारण दीड वाटी पाणी उकळायला ठेवा. त्यात मीठ, तिखट, हळद, हिंग, दोन चमचे तीळ, हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा आणि २ मोठे चमचे तेल. खळखळून उकळी आली की गॅस बंद, भाजणी घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. कोमट झाल्यावर थोडं थोडं कोमट पाणी लावत मळा. गार पाणी लावू नका.

एका वेळी सोऱ्यात मावेल तेवढाच गोळा मळा, बाकीचं झाका. गोळा गुळगुळीत झाला पाहिजे. काकडीसारखा लांबट करून बघा, कुठेही भेग पडता कामा नये. सोऱ्याला आतून तेल लावा आणि गोळा दाबून भरा, मध्ये हवा राहू देऊ नका. ही हवा तेलात गेली की चकली फटकन फुटते आणि तेल उडतं.

चकल्या कागदाच्या लहान तुकड्यांवर पाडा. शेवटचं टोक बोटाने चिकटवा, नाहीतर कढईत चकलीची दोरी होते.

तेल तापलं का, हे बघायला पिठाची लहान गोळी टाका. तळाशीच बसली तर तेल गार, टाकताक्षणी वर येऊन लाल झाली तर फार तापलंय. बुडबुडे सोडत सावकाश वर आली की चकल्या सोडा, एका वेळी चार. पहिलं मिनिटभर हात लावू नका. मग आच मध्यम करा, उलटा, आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळा. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी बाहेर येतंय, ते चालू असताना चकली काढली तर संध्याकाळपर्यंत मऊ पडते. रंग छान आलाय म्हणून घाईने काढायची नाही. रंग लवकर येत असेल तर आच कमी करा.

पहिल्या घाण्यानंतर थांबा, एक चकली पूर्ण गार करा आणि मोडून बघा. गरम चकली मऊच लागते, तिच्यावरून काही ठरवू नका. मग असं दुरुस्त करा:

पाडतानाच तुटते: पीठ कोरडं आहे, कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.
तेलात विरघळते, फेस येतो: मोहन जास्त झालं, थोडी कोरडी भाजणी मिसळा.
कडक, दाताला न तुटणारी: मोहन कमी, पुढच्या गोळ्यात चमचाभर गरम तेल मळा.
बाहेर लाल, आत मऊ: तेल जास्त तापलेलं, आच उतरवा.
काटे येत नाहीत: पीठ सैल झालंय किंवा ताटली बोथट आहे.

तळणाच्या दिवशी लहान मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, कढईचा दांडा भिंतीकडे वळवा आणि कढईवर बसेल असं झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. पाणी कधीही ओतायचं नाही. तळण वर्तमानपत्रावर काढू नका, शाई तेलाबरोबर पदार्थाला लागते. चाळणीत उभं करून निथळवा किंवा पांढऱ्या टिपकागदावर काढा.

१०. भरून ठेवणं

कुठलाही पदार्थ डब्यात जाण्याआधी पूर्ण गार हवा. रात्री तळलेलं असेल तर सुती कापडाखाली ठेवून सकाळी भरा. गोड आणि तिखट एका डब्यात नको, चकलीला वेलदोड्याचा वास लागतो. मोठ्या डब्यातून रोजच्यासाठी लहान डबा भरून घ्या, म्हणजे मोठा डबा दिवसातून दहादा उघडत नाही. काढताना हात कोरडा.

नरकचतुर्दशीच्या ताटासाठी आणि शेजाऱ्यांकडे द्यायला लागेल तेवढं आधीच वेगळं काढून ठेवा. सख्ख्या माणसांसाठीच कमी पडलं, असं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात होतं. बाहेरगावी पाठवायचं असेल तर चिवडा आणि लाडू निर्धास्त पाठवा. चकल्या उभ्या रचून मधल्या फटींत चिवड्याच्या लहान पिशव्या दाबून बसवा.

करंज्या आठ-दहा दिवसांत संपवा. चकल्या सादळल्या तर ओव्हनमध्ये १०० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवून तशाच गार होऊ द्या, ओव्हन नसेल तर तापलेल्या जाड तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करा. मऊ पडलेला चिवडाही कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत होतो. खवट वास आलेलं मात्र परतून सुधारत नाही, ते टाकून द्या.